हिचकॉकचं दफ्तर

आज सिनेमाविषयी बोलायचं आहे. पण पडद्यावर दिसतो त्या सिनेमाविषयी नव्हे, तर सिनेमा बनून गेल्यावर मागे जे कागद उरतात त्यांच्याविषयी. करारपत्रं, पत्रव्यवहार, चित्रीकरणाच्या रोजच्या नोंदी, खोडाखोड केलेली पटकथेची पानं, पगाराचे आकडे. एरवी रद्दीत जायच्या लायकीचे वाटणारे हे कागद कुणी जपून ठेवले आणि नंतर कुणी चिकाटीनं वाचले, तर एका जगप्रसिद्ध दिग्दर्शकाची आपल्या मनातली मूर्ती कशी बदलते, ते मला सांगायचं आहे. हा दिग्दर्शक म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक.

हिचकॉक हे नाव आपल्याला परकं नाही. 'सायको' पाहिल्यावर काही दिवस न्हाणीघराची कडी लावताना दचकणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. 'रिअर विंडो', 'व्हर्टिगो', 'द बर्ड्स' ही नावं चित्रपटाच्या वेडापायी फिल्म सोसायट्यांत जाणाऱ्यांना पाठ असतात. हिचकॉकचा जन्म १८९९ मध्ये लंडनच्या लेटनस्टोन भागात भाजीपाल्याच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला आणि १९८० मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंत त्यानं पन्नासहून अधिक चित्रपट केले. आणि या सगळ्यावर एका दंतकथेची सावली पडलेली आहे.

ती दंतकथा अशी : हिचकॉकचा चित्रपट चित्रीकरणाच्या आधीच पूर्ण झालेला असे. प्रत्येक दृश्य, प्रत्येक कोन त्यानं कागदावर आखून ठेवलेला असे. सेटवर तो कॅमेऱ्यातून डोकावतही नसे, कारण आत काय दिसणार हे त्याला आधीच ठाऊक असे. चित्रीकरण म्हणजे त्याच्या लेखी कंटाळवाणी कारकुनी. नट हे प्यादी, तंत्रज्ञ हे हात आणि डोकं एकच, ते त्याचं.

मी कवी माणूस. बी. ए.ला इतिहास होता, तेवढीच माझी इतिहासाची शिदोरी. पण त्या शिदोरीत एक गोष्ट पक्की बांधून मिळाली : बखर वेगळी आणि दफ्तर वेगळं. 'खबर' या शब्दाची अक्षरं उलटून 'बखर' झाली, असं काही अभ्यासक मानतात. बखर रसाळ असते, तिच्यात नायक असतो, त्याच्या तोंडी बाणेदार वाक्यं असतात. दफ्तर रुक्ष असतं. इतके घोडे, इतकी वैरण, अमक्याला इतके रुपये पावले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पानिपताच्या आधीच्या दशकातली अस्सल पत्रं त्यांनी त्यात छापली आणि प्रस्तावनेत बखरींची कठोर झाडाझडती घेतली. घटनेनंतर सावकाश सांगितलेली गोष्ट आणि घटनेच्या धामधुमीत लिहिलेला कागद यांची किंमत सारखी नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. हिचकॉकचीही एक बखर आहे आणि एक दफ्तर आहे.

आधी बखर. फ्रान्स्वा त्रुफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकानं १९६२ च्या जूनमध्ये हिचकॉकला पत्र पाठवलं आणि मुलाखतीची विनंती केली. त्या काळी अमेरिकेत हिचकॉक म्हणजे लोकांना घाबरवून पैसे मिळवणारा हुशार करमणूकदार, एवढीच त्याची गणना होती. तो मोठा कलावंत आहे, हे त्रुफोला सिद्ध करायचं होतं. ऑगस्टमध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत दोघं बसले. त्रुफोला इंग्रजी बेताचं येई, म्हणून हेलन स्कॉट ही दुभाषी सोबत होती. त्या बैठकांतून फ्रान्समध्ये १९६६ साली पुस्तक निघालं आणि पाठोपाठ इंग्रजीतही आलं. चित्रपटावर आजवर निघालेल्या पुस्तकांत त्याचं स्थान फार वरचं आहे. पण ती बखर आहे. नायक स्वतः बोलतो आहे, समोर त्याचा भक्त बसला आहे आणि साठी ओलांडलेला हा धोरणी माणूस आपली कोणती तसबीर मागे ठेवायची हे नीट जाणून आहे.

आता दफ्तर. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बेव्हर्ली हिल्समध्ये मार्गारेट हेरिक ग्रंथालय आहे. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीचं हे ग्रंथालय १९९१ मध्ये शहराच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्राच्या इमारतीत आलं. जिथं पूर्वी पाणी गाळलं जाई तिथं आता कागद गाळले जातात, असं म्हणायला हरकत नाही. हिचकॉकच्या कुटुंबानं त्याचे कागद इथं दिले. दुसरं दफ्तर टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात, तिथल्या विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. हिचकॉकला अमेरिकेत आणणारा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याचे कागद तिथं आहेत, सुमारे पाच हजार खोकी! या ठिकाणी बसून ज्या अभ्यासकांनी वर्षं खर्ची घातली, त्यांच्या पुस्तकांच्या आधारेच मी हे बोलतो आहे.

या कागदांत असतं काय? हॉलिवूडच्या स्टुडिओत रोज संध्याकाळी चित्रीकरणाचा अहवाल लिहिला जाई. युनिट किती वाजता आलं, पहिला शॉट किती वाजता लागला, दिवसभरात पटकथेची किती पानं झाली, कोण आजारी पडलं, वेळापत्रकाच्या किती मागे आहोत. शिवाय कथेवर झालेल्या चर्चांची टंकलिखित टिपणं, सेन्सॉरशी पत्रव्यवहार, संकलकाला दिलेल्या सूचना. बखरीतला नायक कधी थकत नाही. दफ्तरातला थकतो, अडतो, इतरांना विचारतो.

बिल क्रोन नावाच्या अभ्यासकानं हे कागद वाचून 'हिचकॉक अ‍ॅट वर्क' हे पुस्तक लिहिलं. इंग्रजीत ते २००० साली आलं. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मधलं ते प्रसिद्ध दृश्य आठवा. उजाड रानातला रस्ता, सूटबूट घातलेला कॅरी ग्रँट आणि त्याच्यावर झेपावणारं औषधफवारणीचं विमान. या दृश्याची शॉटवार काढलेली रेखाचित्रं पुस्तकांतून, मासिकांतून छापली जात असत. पाहा, हिचकॉक किती काटेकोर आखणी करी, याचा पुरावा म्हणून. क्रोननं दाखवून दिलं की ती चित्रं चित्रीकरण आटोपल्यानंतर प्रसिद्धीसाठी काढून घेतलेली होती. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर नकाशा काढला आणि लोकांना सांगितलं, बघा, आम्ही नकाशाबरहुकूम बांधलं!

याचा अर्थ हिचकॉक आखणी करत नसे, असा नाही. करत असे, आणि पुष्कळ करत असे. काही प्रसंगांची चित्रं खरोखरच आधी काढलेली असत. पण आखणीबरोबर ऐनवेळची जुळवाजुळवही तेवढीच चाले. 'टोपाझ' (१९६९) च्या वेळी लेखक सॅम्युअल टेलर चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना प्रसंग लिहून देत होता, आणि त्या चित्रपटाचा शेवट एकदा नव्हे, तीन प्रकारे केला गेला. 'द बर्ड्स' (१९६३) साठी इव्हान हंटरनं लिहिलेला शेवट निराळाच होता. त्यात पळणाऱ्या मोटारीचं कापडी छत पक्षी फाडून काढतात. तो गाळला गेला. या चित्रपटाच्या पटकथेवर हिचकॉकनं व्ही. एस. प्रिचेट या इंग्रज लेखकाचं मतही मागवलं होतं. ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं तो असं विचारत फिरत नाही. जो विचारतो तो काही लहान ठरत नाही, हेही इथंच सांगून ठेवतो.

'व्हर्टिगो' (१९५८) ची गोष्ट तर याहून मोठी आहे. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या जगभरच्या समीक्षकांच्या कौलात २०१२ मध्ये हा चित्रपट पहिला आला, २०२२ मध्ये दुसरा. त्याच्या पटकथेवर एकामागून एक तीन लेखक बसले. चित्रपट बराच उरलेला असताना नायिकेच्या पत्रातून रहस्य प्रेक्षकांना कळतं, नायकाला मात्र कळत नाही. हिचकॉकच्या प्रतिभेची खूण म्हणून याच प्रसंगाचा दाखला दिला जातो. पण चित्रपट प्रदर्शित व्हायच्या बेतात असताना हिचकॉकनं तो प्रसंग काढून टाकायचं ठरवलं होतं. सहनिर्माता हर्बर्ट कोलमन त्यावरून त्याच्याशी भांडला आणि शेवटी पॅरामाउंटच्या प्रमुखानं प्रसंग परत घालायला लावला. कोलमननं ही हकीकत सांगून ठेवली आहे. हिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत, म्हणून ती लक्षात ठेवा.

'सायको'तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाकडे येऊ. डिसेंबर १९५९ मध्ये आठवडाभर चित्रीकरण आणि पडद्यावर मिनिटभराचा खून. कॅमेरा सत्तरच्या आसपास ठिकाणी मांडला गेला. या प्रसंगाची रेखाचित्रं सॉल बास या नामांकित आरेखनकारानं काढली होती. श्रेयनामावलीत त्याचं नाव 'चित्र-सल्लागार' म्हणून आहे. पुढे बासनं दावा केला की प्रसंग दिग्दर्शितही त्यानंच केला. अभिनेत्री जॅनेट ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन यांनी तो ठामपणे फेटाळला. कॅमेऱ्यामागे हिचकॉक होता, हे खरं. चित्रं बासची होती, हेही खरं. आणि त्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं आधी मत होतं, हेही खरं! बर्नार्ड हर्मननं तरीही केवळ तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे सूर रचले, हिचकॉकनं ऐकले आणि मत बदललं. आज तो प्रसंग डोळे मिटूनही आठवतो तो त्या सुरांमुळे.

तयार चित्रपट पाहताना पत्नी आल्मा रेव्हिल हिनं मेलेल्या नायिकेची हालचाल टिपली आणि तेवढा तुकडा कापायला लावला, अशी एक गोष्ट आहे. कुणी म्हणतं पापणी हलली, कुणी म्हणतं घोट गिळला. तपशील बदलतो, टिपणारी बदलत नाही. आल्मा हिचकॉकपेक्षा एका दिवसानं लहान, पण चित्रपटाच्या धंद्यात त्याच्याआधी आलेली आणि संकलनात मुरलेली. 'स्टेज फ्राइट' (१९५०) नंतर पडद्यावर तिचं नाव येत नाही, काम मात्र चालूच राहिलं. १९७९ मध्ये जीवनगौरव स्वीकारताना हिचकॉकनं चार व्यक्तींचे आभार मानले : एक संकलक, एक पटकथालेखक, त्याच्या मुलीची आई आणि एक सुगरण. आणि या चौघींचं नाव एकच, आल्मा रेव्हिल, असं सांगितलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ते ऐकताना मला मात्र श्रेयनामावलीतली ती रिकामी जागा दिसत राहते.

आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि मी लिहू लागलो मराठीत. त्यामुळे उर्दू शायरांच्या बैठकीही पाहिल्या आणि मराठी कविसंमेलनंही. उर्दूत 'इस्लाह'ची रीत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो. उस्ताद एखादा शब्द हलवतो, एखादा शेर गाळायला सांगतो, कधी एका जागी असा शब्द ठेवतो की शेर उजळून निघतो. पण शेवटच्या शेरात, मक्त्यात, तखल्लुस येतं ते एकाचंच. त्यात फसवणूक नाही, तो संकेत आहे आणि बैठकीतल्या सगळ्यांना तो ठाऊक असतो. 'आल्फ्रेड हिचकॉकचा चित्रपट' हेही एक तखल्लुसच आहे. फरक इतकाच की चित्रपटाच्या प्रेक्षकाला हा संकेत कुणी सांगितलेला नसतो. त्याला वाटतं, सगळा हात एकाचाच.

आता अधिकाराकडे वळू. हिचकॉकचा शब्द अखेरचा असे का? ऑस्टिनची खोकी सांगतात, बराच काळ मुळीच नसे. १९३८ मध्ये त्यानं सेल्झनिकशी करार केला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेत आला. सेल्झनिकला लांबलचक सूचनापत्रं लिहायचा नाद होता. 'रिबेका'साठी हिचकॉकनं तयार केलेला पहिला आराखडा त्यानं कादंबरीपासून भरकटला म्हणून साफ नापसंत केला. चित्रपट कादंबरीला धरून झाला, १९४० चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ते ऑस्कर मिळालं निर्मात्याला, म्हणजे सेल्झनिकला. हिचकॉकला दिग्दर्शनासाठी पुढे एकूण पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. त्याहून विशेष म्हणजे सेल्झनिक आपल्या या दिग्दर्शकाला दुसऱ्या निर्मात्यांकडे उसना पाठवी. तिकडून येणारी रक्कम मोठी, हिचकॉकला मिळणारा पगार लहान, मधला फरक सेल्झनिकचा. आपल्याकडे 'प्रभात', 'बॉम्बे टॉकीज' अशा संस्थांत कलावंत महिना पगारावर असत, हे जुन्या लोकांना आठवेल. पण माणूस असा नफ्यावर उसना देणं म्हणजे बैलजोडी भाड्यानं देण्याचाच प्रकार. लेनर्ड लेफ यानं १९८७ मध्ये 'हिचकॉक अँड सेल्झनिक' या पुस्तकात हे सगळं कागदोपत्री मांडलं.

या अनुभवातून हिचकॉक एक धडा शिकला. सेटवरचा हुकूम खरा नव्हे. नाव ज्याच्या मालकीचं, सत्ता त्याची. म्हणून त्यानं आपल्या नावाचा आणि आकृतीचा पद्धतशीर शिक्का बनवला. १९५५ मध्ये त्याची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. आठवड्याला एकदा तो गोल सावलीसारखा घरोघरी येऊ लागला आणि कोरड्या विनोदानं गोष्टीची सुरुवात करून देऊ लागला. लोकांना वाटे, हा माणूस काय मिश्कील आहे! ती मिश्कील वाक्यं जेम्स अ‍ॅलरडाइस नावाचा लेखक लिहून देत असे. मालिकेची धुरा जोन हॅरिसन ही निर्माती वाहत होती. अर्ध्या तासाचे अडीचशेहून अधिक भाग झाले, त्यातले हिचकॉकनं स्वतः दिग्दर्शित केले १७. मात्र नाव, चेहरा आणि आवाज त्याचा.

'सायको'च्या वेळी हा शिक्का पुरता वटला. पॅरामाउंटला हा विषय नको होता. हिचकॉकनं आपल्या कंपनीचे पैसे घातले, मालिकेचंच स्वस्तातलं युनिट घेतलं, सुमारे आठ लाख डॉलरांत चित्रपट केला आणि मानधनाऐवजी मालकीत मोठा वाटा ठेवला. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियम त्यानं थिएटरमालकांना घालून दिला, सोबत सूचनांची पुस्तिका पाठवली. लोक रांगा लावून उभे राहिले. सगळं काही एका माणसाच्या मुठीत आहे, ही प्रतिमा तिकीटबारीवर विकली गेली.

पण मुठीलाही मर्यादा होती. पुढे 'सायको'चे आणि मालिकेचे हक्क देऊन त्यानं युनिव्हर्सलची मालक असलेल्या एमसीए कंपनीचे शेअर घेतले आणि तो तिचा मोठा भागधारक झाला. आणि त्याच युनिव्हर्सलनं १९६७ मध्ये त्याचा 'कॅलिडोस्कोप' हा धाडसी चित्रपट नाकारला. त्यासाठी चित्रित केलेली चाचणीदृश्यं मागे राहिली, चित्रपट झालाच नाही. बाहेर 'सर्वसत्ताधीश' म्हणून मिरवणारा हा कलावंत आपल्याच कंपनीच्या दारात परवानगी मागत उभा होता.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की दफ्तर उघडलं आणि हिचकॉकची सत्ता विरघळून गेली. तसं नाही. कागद एक सत्ता लहान करतात आणि दुसरी मोठी करून दाखवतात. कलेवरची सत्ता वाटली गेलेली होती. माणसांवरची सत्ता मात्र करारात पक्की लिहिलेली होती.

१९६१ मध्ये हिचकॉकनं दूरचित्रवाणीवरच्या एका जाहिरातीत टिप्पी हेड्रन ही मॉडेल पाहिली. तिला अभिनयाचा अनुभव जवळपास नव्हता, पदरात लहान मुलगी होती. सात वर्षांचा करार झाला, आठवड्याला पाचशे डॉलर, आणि करार थेट हिचकॉकशी. सात वर्षं का? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नोकरीच्या कराराची कमाल मुदत तेवढी होती. पूर्वी स्टुडिओ तीही ताणत. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीनं वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं आणि १९४४ च्या निकालानं ते ताणणं बंद झालं. पण त्या सात वर्षांच्या आत कुठलं काम करायचं आणि कुठलं नाही, हे मालक ठरवी. हिचकॉकनं हेड्रनचे पडद्याबाहेर वापरायचे कपडेही आपल्या वेशभूषाकार एडिथ हेडकडून आखून घेतले. तिचं पहिलं नाव श्रेयनामावलीत अवतरणचिन्हांतच छापायचं, हाही त्याचाच आग्रह. सेल्झनिकनं जे जोखड त्याच्या मानेवर ठेवलं होतं, तेच त्यानं दुसऱ्याच्या मानेवर ठेवलं, आणि अधिक घट्ट आवळलं.

'द बर्ड्स'मध्ये माळ्यावरच्या खोलीत पक्षी नायिकेवर तुटून पडतात. यांत्रिक पक्षी वापरू, असं आपल्याला सांगितलं होतं, प्रत्यक्षात पाच दिवस खरे पक्षी अंगावर फेकले गेले, एका पक्ष्याची चोच डोळ्याच्या अगदी जवळ लागली, असं हेड्रननं वारंवार सांगितलं आहे. ती इतकी खचली की डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. त्यानंतर 'मार्नी' (१९६४). त्यात लग्नाच्या रात्रीनंतर नवरा पत्नीवर बळजबरी करतो. इव्हान हंटरनं तो प्रसंग लिहायला विरोध केला, त्याला काढलं आणि जे प्रेसन अ‍ॅलन ही लेखिका आली. हिचकॉकला चित्रपट करायचाच मुळी त्या प्रसंगासाठी होता, असं तिनं पुढे आपल्याला सांगितल्याचं हंटरनं लिहून ठेवलं आहे. टोनी ली मोरल यानं 'मार्नी'चे कागद आणि चर्चांची टिपणं वाचून २००२ मध्ये पुस्तक लिहिलं. हा चित्रपट कसा घडला याचा त्यात बारीक हिशेब आहे.

पण आता आपण अशा दारापाशी येतो, जिथं कागद थांबतात. 'मार्नी'नंतर हेड्रन करारात अडकून राहिली. पगार चालू, काम बंद. हिचकॉक आपल्या मागे लागला होता, आपण नकार दिला म्हणून त्यानं कारकीर्द संपवली, असं तिनं सांगितलं. डोनल्ड स्पोटोच्या १९८३ च्या चरित्रात ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर आली. २०१६ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, तिनं आत्मचरित्रात लैंगिक अत्याचाराचा आरोप स्पष्ट शब्दांत केला. हिचकॉक तेव्हा हयात नव्हता, उत्तर देऊ शकत नव्हता. किम नोवाकसारख्या त्याच्या दुसऱ्या नायिकांनी आपल्याला असा अनुभव आला नसल्याचं सांगितलं. आणि मग पुष्कळांनी विचारलं, दफ्तरात याचा पुरावा कुठे आहे?

इथं राजवाड्यांच्या वाचकानं थांबून विचार करायला हवा. अस्सल कागदाला मान द्यायचा, हे खरं. पण कागदालाही लिहिणारा असतो आणि जपणारा असतो. संध्याकाळचा अहवाल लिहिणारा माणूस युनिट किती वाजता आलं ते लिहितो. मेकअपच्या खोलीत कोण कुणाला काय म्हणालं, ते लिहीत नाही. खोकी दिली ती निर्मात्यानं, कुटुंबानं, कंपनीनं. आठवड्याला पाचशे डॉलर घेणाऱ्या बाईचं दफ्तर कोण ठेवणार? पेशवे दफ्तरात सावकाराचं देणं तारीखवार सापडतं. कुणबिणीचं रडणं सापडत नाही. म्हणून ती रडली नाही, असं कुणी म्हणेल काय?

आता कोलमनची ती हकीकत आठवा. 'व्हर्टिगो'तला प्रसंग काढायचा की ठेवायचा यावरून झालेलं भांडण आपण ऐकलं आणि मान डोलावली. तीही एका माणसानं मागाहून सांगितलेली आठवणच होती. त्या वेळी 'कागद दाखवा' असं आपल्यापैकी कुणी म्हणालं नाही. हेड्रननं सांगितलं की मात्र आपल्याला कागद आठवतो. आरोप जितका गंभीर तितका पुरावा काटेकोर हवा, हे मला मान्य आहे. मेलेल्या माणसालाही न्याय हवा. पण साक्ष तोलायची तर तराजू एकच हवा. कोलमनच्या साक्षीला ज्याचा आधार मिळतो, त्या गोष्टी हेड्रनच्या साक्षीलाही आहेत. करार होता, कारकीर्द खरोखर थांबली, आणि 'मार्नी'त त्या प्रसंगाला नाही म्हणणारा लेखक खरोखर बाहेर गेला. आतलं काय घडलं ते हे कागद सांगत नाहीत. पण दाराची कडी कुणाच्या हातात होती, ते निःसंशय सांगतात.

यातून 'सायको' वाईट ठरतो काय? नाही. उलट तो कितीतरी माणसांच्या हातांनी घडलेला दिसतो आणि त्यामुळे मला तो अधिक मोठा वाटतो. हिचकॉकची प्रतिभा सगळं आधी ठाऊक असण्यात नव्हती. हर्मनचे सूर ऐकून मत बदलण्यात होती, आल्माची नजर मानण्यात होती, बासची चित्रं घेऊन त्यांतून आपला खून रचण्यात होती. आणि तोच माणूस, ज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती त्यांच्याशी निराळा वागला. ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणता यायला हवीत. बखरीला ते जमत नाही, कारण तिला नायक हवा असतो किंवा खलनायक.

आपल्याकडे पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून चित्रपटांचे डबे मिळवण्यात हयात घालवली. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने मराठी-हिंदी चित्रपट गेले. ती हळहळ आपण सगळ्यांनी व्यक्त केली. पण डब्याची निदान हळहळ तरी होते. एखाद्या जुन्या निर्मात्याच्या माळ्यावरची पगाराची वही, नायिकेचं करारपत्र, सेटवरच्या हजेरीचा कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातो तेव्हा त्याची बातमीसुद्धा होत नाही. तुमच्या घरात, ओळखीत असे कागद असतील, तर ते किलोनं विकू नका. त्या वहीत ज्यांची नावं पडद्यावर कधीच आली नाहीत त्यांची नावं असतील. आणि कधीतरी, कुणी म्हातारी बाई काही सांगू लागली, तर तिच्या बाजूनं बोलायला निदान एक कागद शिल्लक असेल.